पाठ टेकली नाही

हारुमाच्या अंगावर ज्यूदोचा जाड पांढरा सदरा पहिल्यांदा चढला, त्या दिवशी तेत्सुया होरीउची याने बर्फाच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. सहा वर्षांचे पोर ते. सदऱ्याच्या बाह्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या, विजार टाचांखाली येत होती, आणि पट्ट्याची टोके दोन वेढे घेऊनही गुडघ्यांपर्यंत पोहोचत होती. छातीवर आईने, म्हणजे नात्सुमीने, काळ्या दोऱ्याने 'होरीउची' हे आडनाव शिवले होते. तेत्सुयाने मुलासमोर गुडघे टेकून पट्ट्याची गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली. खरे पाहता गाठ पहिल्या वेळीच उत्तम बसली होती. परंतु बापाच्या हातांना ते काम संपू नये असे वाटत होते.

"एवढी आवळू नका, अहो. आत्ताच जेवलाय तो," नात्सुमी म्हणाली.

"ज्यूदोचा पट्टा आहे हा. पायजम्याची नाडी नाही."

"पोट तर तेच आहे ना."

हारुमा खुदकन हसला. समोरचे दोन दात पडलेले असल्यामुळे त्याचे हसू अर्धे वाऱ्यातच जाई. त्या हसऱ्या मूर्तीकडे पाहताना तेत्सुयाची छाती अशी काही भरून आली, की आपले डोळे पाणावले आहेत हे लपविण्यासाठी तो उगाच पायमोजे शोधू लागला.

ज्यूदोचा वर्ग बंदरामागच्या जुन्या सभागृहात भरत असे. तेथले मुराई गुरुजी पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात चटईवर घासून घासून त्यांचे कान चुरगळलेल्या भजीसारखे झाले होते, आणि चालताना डावा गुडघा कुरकुरत असे. गावातील निम्म्या बापांनी लहानपणी त्यांच्याच हाताखाली घाम गाळला होता. तेत्सुयाही त्यांतलाच. म्हणून गुरुजी त्याला अजूनही अरे-तुरे करीत, आणि तेत्सुयाही त्यांच्यासमोर उभा राहिला की नकळत हात मांड्यांना चिकटवून उभा राही.

गुरुजींची एक रीत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नव्हती. नव्या पोरांना पहिले वर्षभर ते फक्त पडायला शिकवीत.

"उभं राहायला तुम्हाला आईनं शिकवलं," ते पोरांना सांगत, "पडायला मी शिकवणार. हनुवटी छातीला. डोकं चटईला लागता कामा नये. आणि पाठ टेकली की तळहात असा मारायचा, सपाट. पडताना हात खाली टेकून स्वतःला वाचवायला जायचं नाही. टेकलेला हात म्हणजे वाळकी काटकी. कळलं?"

"हो," पोरे एका सुरात म्हणत, आणि मग सभागृहात धपाधप आवाज सुरू होई. मागच्या, पुढच्या आणि दोन्ही कुशींवरच्या पडण्याने चटया दणाणत. बाहेर जाळी विणीत बसलेले म्हातारे त्या आवाजावर वेळ ओळखत. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसलेले आईबाप मात्र चुळबुळत. शेजारच्या गावातील मुले पहिल्याच वर्षी करंडक आणतात, आणि आमची मुले नुसती आपटतात, असे कुणी तरी पुटपुटे. परंतु मोठ्याने बोलण्याची कुणाची छाती नव्हती.

तेत्सुयाच्या मनात तो आवाज वेगळ्याच ठिकाणी लागे. लहानपणी तो फार सुंदर पडत असे. इतका सुंदर, की गुरुजी त्याला सर्वांपुढे उभा करून म्हणत, "पडावं तर तेत्सुयासारखं." मग ते त्याला उचलून टाकीत, आणि तो पान गळावे तसा अलगद येऊन तळहाताचा एकच स्वच्छ आवाज करी. परंतु सामन्यांतही तो तसाच पडे. प्रतिस्पर्ध्याने जरा ओढले, की वर्षानुवर्षांच्या सवयीने अंग आपोआप वळे, पाठ टेके, आणि पंचाचा हात वर जाई. एकही सामना तो जिंकला नाही. त्याचा बाप मासेमारीच्या होडीवर होता. एकदा तो सामने पाहायला आला, आणि परतीच्या वाटेवर तीनच शब्द बोलला : "पडायलाच जन्मलास लेका." तो बाप आता समुद्राच्या स्वाधीन होऊन कैक वर्षे लोटली, ते शब्द तेवढे बुडाले नाहीत.

कारखान्यात त्याच्या सोबत शिबाता नावाचा गडी काम करी. बोलायला तिखट, मनाने तसा वाईट नव्हे. शिबाताच्या जुळ्या मुली शेजारच्या गावातल्या वर्गात जात आणि त्यांनी मिळविलेला करंडक त्याने दाराशी, जोडे ठेवण्याच्या कपाटावर मांडला होता. म्हणजे येणाऱ्याने जोडे काढताना तो पाहिलाच पाहिजे.

"काय मग होरी," बर्फाच्या लाद्या होडीकडे ढकलताना शिबाता विचारी, "पोरगा काय शिकला या महिन्यात?"

"कुशीवर पडायला."

"वा. आणि मागच्या महिन्यात?"

"पाठीवर."

"म्हणजे पुढच्या महिन्यात जिन्यावरून पडेल. घराणं पुढे चाललंय तुझं."

बाकीचे गडी हसले. तेत्सुयाही हसला, कारण न हसणे अधिक लाजिरवाणे ठरले असते. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन त्याने अंगाला येणारा अमोनियाचा वास नीट घासून काढला, जेवण केले, आणि आतल्या खोलीत गाद्या पसरल्यावर मुलाला हाक मारली.

"हारु, इकडे ये. तुला एक गंमत शिकवतो. पण ही आपल्या दोघांतली हं. गुरुजींना सांगायची नाही."

मुलाचे डोळे चमकले. बाप तसा अबोल. सकाळी मूल उठण्यापूर्वी कामावर जाणारा आणि संध्याकाळी थकून दूरदर्शन संचासमोर डुलक्या घेणारा. त्या बापाने आपल्याशी गुपित करावे, यासारखे भाग्य कोणते?

"हे बघ," तेत्सुया म्हणाला, "पाठ पूर्ण टेकली की आपण चितपट. संपला खेळ. कुशीवर पडलास तर समोरच्याला अर्धा गुण. आणि पोटावर पडलास तर?"

"तर?"

"तर त्याला काहीच नाही. शून्य. म्हणून कुणी फेकायला लागलं, की पडायचं नाही. मोकळा हात खाली टेकवायचा, खांबासारखा, आणि त्याच्यावर गर्रकन वळून पोटावर यायचं. मांजरासारखं. कर बघू."

हारुमाने केले. पहिल्या खेपेला गडबडला, दुसऱ्या खेपेला वळला, आणि पुढे पुढे तर मांजरालाही लाजवील असा वळू लागला. मऊ गादीवर हाताला काहीच लागत नव्हते. बाप त्याला ओढी, मूल हात टेकून वळे, आणि दोघेही खिदळत.

दाराशी नात्सुमी हात पुसत उभी होती. "गुरुजी तर म्हणतात हात टेकायचा नाही."

"गुरुजी पहिल्या वर्षाचं सांगतात."

"मग हा कितव्या वर्षाला आहे?"

"तू भांडी घास ना."

"घासून झाली," ती म्हणाली, आणि निघून गेली.

हिवाळाभर हे गुपित चालले. आठवड्यातून तीन संध्याकाळी मूल गुरुजींपाशी पडायला शिके आणि उरलेल्या संध्याकाळी बापापाशी न पडायला. ज्या घरात एका चुलीवर दोन स्वयंपाकिणी, तेथे भात करपायचाच. एके दिवशी वर्ग सुटल्यावर मुराई गुरुजींनी तेत्सुयाला बाजूला घेतले.

"तेत्सुया, पोराचा डावा हात खाली जातो रे. आधी जात नव्हता. घरी काही शिकवतोस का?"

तेत्सुयाचे हात मांड्यांना चिकटले. "छे, गुरुजी. मी काय शिकवणार? मला कुठे काय येतं?"

"तुला पडायला येतं," गुरुजी म्हणाले. "तुझ्यासारखं पडणारं पोरगं मला नंतर मिळालं नाही. तेवढं शिकव त्याला. ते जन्मभर पुरतं."

गुरुजींनी हे मनापासून म्हटले होते. तेत्सुयाला मात्र ते शब्द जखमेवर मीठ चोळल्यासारखे झोंबले, आणि त्या रात्री त्याने मुलाला नेहमीपेक्षा जोरात ओढले.

वसंतात जिल्ह्याच्या लहान मुलांचे सामने भरले. मुलांची पहिली परीक्षा म्हणून गुरुजींना त्यांना तेथे न्यावेच लागे. मनातून त्यांना ते रुचत नसे. क्रीडागृहात आयांनी पाळ्या लावून जवाचा गार चहा मोठ्या पिंपांत भरून ठेवला होता. नात्सुमीने पहाटे उठून खारवलेले आंबट आलुबुखार घातलेले भाताचे मुटके वळले होते. बापमंडळी मोबाइल उंच धरून प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर जागा अडवीत होती. निघण्यापूर्वी गुरुजींनी पालकांना बजावले होते : "ओरडायचं नाही. चटईवर पोराला दोनच आवाज ऐकू यावेत, पंचाचा आणि स्वतःच्या श्वासाचा."

शिबाताही मुलींना घेऊन आला होता. तो तेत्सुयाच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने वाळवलेल्या माकूळ माशाची पुडी पुढे केली. "घे, चाव. दात-ओठ खाण्यापेक्षा बरं."

पहिल्या सामन्यात हारुमापुढे एक गोल गुबगुबीत मुलगा आला. त्याने हारुमाला धरले आणि पाय मागे घालून ढकलले. सारे क्रीडागृह म्हणाले, गेला. पण हारुमाने डावा हात टेकला, गर्रकन फिरला आणि पोटावर आला. गुण नाही. गुबगुबीत मुलाने पुन्हा फेकले. हारुमा पुन्हा मांजरासारखा फिरला. शेवटी तो मुलगाच दमला, आणि हारुमाने त्याला रेटत रेटत सीमेबाहेर नेले. पंचांनी निशाणे उचलली, ती हारुमाच्या बाजूने.

"अरे," शिबाता माकूळ चावायचे थांबला, "हे पोरगं पडतच नाही की."

बस्स. तेवढ्या एका वाक्यासाठी तेत्सुया जणू जन्मभर थांबला होता. त्याला वाटले, आपला बाप आज होडी बांधून वर यावा, ओल्या बुटांनी त्या पायऱ्यांवर बसावा आणि हे ऐकावे. त्याने खाली पाहिले. चटईच्या पलीकडे मुराई गुरुजी मांडी घालून बसले होते. ते हसत नव्हते. परत आलेल्या हारुमाचा डावा हात हातात घेऊन ते मनगट, कोपर, खांदा चाचपीत होते आणि त्याच्या कानात काही सांगत होते. हारुमा मान हलवीत होता.

दुसरा सामना एका मुलीशी होता. लहान गटात मुले-मुली एकत्रच खेळत. तिचे नाव कानोन. केसांच्या दोन घट्ट वेण्या, आणि चेहरा असा गंभीर, की जणू घरचा कारभार तिच्याच शिरावर.

"पोरगी आहे," शिबाता म्हणाला, "पण जपून. माझ्या दोघींना हिनं आस्मान दाखवलंय."

कानोनने वाट पाहिली नाही. वाकून नमस्कार होताच तिने हारुमाची उजवी बाही पकडली, कंबर आत घातली, आणि त्याला पाठीवर घेतले. त्या क्षणी मुलगा एका जागी थबकल्यासारखा झाला. एका कानात गुरुजींचे ताजे शब्द असावेत, दुसऱ्या कानात गादीवरच्या साऱ्या संध्याकाळी. त्याने मान वळवून वर, बापाकडे पाहिले.

तेत्सुया ओरडला नाही. गुरुजींची आज्ञा त्याने मोडली नाही. त्याने फक्त आपला डावा पंजा छातीपुढे धरला आणि तो खाली दाबला. जमिनीवर टेकावा तसा.

हारुमाने हात टेकला.

आवाज मोठा झाला नाही. वाळकी काटकी मोडते तेवढाच झाला. मूल पोटावर आले होते. पाठ टेकली नव्हती. पंचाने गुण दिला नाही. मग त्याने हारुमाच्या हाताकडे पाहिले आणि दोन्ही हात हलवून सामना थांबविला. कानोन मागे सरकली, आपल्या हातांकडे पाहू लागली, आणि तिच्या त्या कर्त्या चेहऱ्याचे एकाएकी लहान मुलीत रूपांतर होऊन ती मोठ्याने रडू लागली. हारुमा रडत नव्हता. कोपर जेथे वाकू नये तेथे वाकलेले होते.

सर्वांत आधी गुडघा कुरकुरवीत मुराई गुरुजी धावले. नात्सुमी त्यांच्या मागोमाग पोहोचली. तेत्सुयाचा पंजा अजून छातीपुढेच होता. नात्सुमीने खालून एकदा वर पाहिले, तेव्हा तो त्याने खिशात घातला.

इस्पितळात कोपराच्या वरचे हाड बसवून आत तारा घालाव्या लागल्या. शुद्धीवर आल्यावर हारुमाचे ओठ कोरडे पडले होते. नात्सुमी पाणी आणायला गेली. खोलीत बापलेक दोघेच उरले.

"बाबा."

"बोल, राजा."

"पाठ नाही ना टेकली?"

तेत्सुयाने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "नाही रे. नाही टेकली."

मुलाने समाधानाने डोळे मिटले. आणि, सांगायला जीभ धजत नाही पण लपवूनही उपयोग नाही, त्या बापाच्या छातीत त्या क्षणीही काहीतरी अभिमानाने फुगले. औषधाच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत, मोडलेल्या हाताशेजारी बसून, त्याला वाटून गेले की पोरगा अखेरपर्यंत पडला नाही. नंतर त्याला स्वतःची शिसारी आली. पण आधी अभिमान आला आणि मग शिसारी, हा क्रम त्याला पुढे कधीच बदलता आला नाही.

हारुमा घरी आल्यावरच्या रविवारी दारावर थाप पडली. मुराई गुरुजी उभे होते. अंगात काळा कोट, जो ते बहुधा अंत्ययात्रेलाच घालीत, आणि हातात जांभळ्या रुमालात बांधलेली मिठाईची पेटी. तेत्सुया "अहो गुरुजी, हे कशाला" असे म्हणेपर्यंत ते आत येऊन, दुखरा गुडघा दुमडून खाली बसले. त्यांनी पेटी पुढे सरकविली, दोन्ही तळहात चटईवर ठेवले आणि कपाळ जमिनीला टेकविले.

"आपल्या मुलाची मोठी हानी माझ्या हातून झाली," ते म्हणाले. "मी पडायला शिकवतो असं म्हणतो. मला नीट शिकवता आलं नाही. आपण क्षमा करावी."

जन्मभर 'अरे तेत्सुया' म्हणणारा माणूस आज त्याला 'आपण' म्हणत होता. तेत्सुयाला त्या पांढऱ्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता, आणि त्यावरची जुनी खोक. आता बोलावे. एकच वाक्य पुरे होते : गुरुजी, मी शिकवलं. जिभेवर ते वाक्य आले, दातांपाशी थांबले. दाराआड नात्सुमी उभी होती. ती कशाची वाट पाहत आहे हे त्याला पुरते कळत होते. पण मनात दुसरेच उभे राहिले. उद्या कारखान्यात ही गोष्ट पोहोचेल. शिबाता म्हणेल, बापानंच मोडला. सारे गाव म्हणेल. आणि त्याने तोंडात मूग धरले.

"उठा गुरुजी," एवढेच तो म्हणाला. "व्हायचं ते होतं."

गुरुजींनी डोके वर केले. गळ्यात हात अडकविलेला हारुमा आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभा होता. गुरुजींनी त्याला जवळ बोलावले.

"दुखतं का रे अजून?"

"रात्री दुखतं."

"हं." गुरुजी म्हणाले. "एक विचारू? रागावणार नाही. हात टेकायचा नाही हे मी सांगितलं होतं. त्या सामन्याआधीही सांगितलं. तू मानही हलवलीस. मग हात खाली गेला कसा?"

हारुमाने बापाकडे पाहिले. तेत्सुया पेटीच्या जांभळ्या रुमालाकडे पाहत होता. त्यावर बारीक लाटांची नक्षी होती, आणि त्या लाटांत त्याला फारच गोडी वाटू लागली होती.

"मी विसरलो," हारुमा म्हणाला.

"विसरलास?"

"हो. गुरुजींनी नीट शिकवलं होतं. मीच विसरलो."

मुराई गुरुजींनी त्या मुलाकडे पाहिले. चाळीस वर्षे पोलिसात काढलेला माणूस. कोण कुणासाठी खोटे बोलतो हे त्याला कळत नसेल असे म्हणता येत नाही. मग त्यांनी पुन्हा तळहात चटईवर ठेवले, आणि या खेपेला बापाला नव्हे तर त्या सात वर्षांच्या पोराला वाकून नमस्कार केला. तेत्सुयाकडे न पाहता ते उठले आणि गेले.

नात्सुमीने पेटी उचलून कपाटावर ठेवली. ती कुणी उघडली नाही. तिने नवऱ्याला एका शब्दानेही विचारले नाही. तिने विचारले असते, भांडली असती, तर त्याला उत्तर देता आले असते. ती फक्त त्या दिवसापासून त्याच्या ताटलीत मासा वाढताना त्याच्याकडे पाहीनाशी झाली.

पुढे पालकांची सभा भरली. हारुमाचा खेळ पाहिल्यापासून शिबाताने आपल्या मुली याच वर्गात आणायचे ठरविले होते, त्यामुळे तोच सर्वांत जास्त बोलला. "मला गुरुजींबद्दल आदर आहे. पण हिशेब साधा आहे. वर्षभर पडायला शिकवलं, आणि पोराला पडता आलं नाही. मग शिकवलं काय?"

कुणी तरी मोबाइलवर त्या सामन्याचे चित्रण लावले. सगळे वाकून पाहू लागले.

"हे बघा, इथं. पोराचं लक्षच नाही. वर कुठे तरी बघतोय."

"प्रेक्षकांत काय होतं?"

"काही असेल. लहान आहे, नजर गेली."

तेत्सुयाला न पाहताही ठाऊक होते, तेथे काय होते. एका बाईने हळुवारपणे म्हटले, "होरीउचींना विचारा ना. ज्याचं जळतं त्यालाच कळतं." सर्व माना त्याच्याकडे वळल्या. कोपऱ्यात मुराई गुरुजी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणी नव्हती. लहानपणी तेत्सुयाला फेकण्याआधी ते जसे क्षणभर थांबत, तसे ते थांबले होते.

"गुरुजींचं..." तेत्सुया म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, "गुरुजींचं वय झालंय आता."

गुरुजींनी होकारार्थी मान हलविली, जणू मुलाने धडा बरोबर म्हणून दाखविला. त्यानंतर त्यांनी सर्वांचे आभार मानले, आणि सभा पांगल्यावर एकटेच मागे राहून ओल्या फडक्याने सगळ्या चटया पुसल्या. दुसऱ्या महिन्यात शहरातून एक तरुण शिक्षक आला. तो पहिल्याच आठवड्यात पोरांना झुंजवू लागला. जाळी विणणारे म्हातारे म्हणत, हल्ली वेळच कळत नाही.

शरद ऋतू आला तरी हारुमाचा डावा हात पूर्ण सरळ होत नव्हता. डॉक्टर म्हणाले, एवढाच राहील. कारखान्यात मात्र त्या हाताचे कौतुक झाले. "जिगर आहे पोरात," शिबाता सर्वांना सांगे, "हात मोडला पण पाठ नाही टेकू दिली. होरी, तुझ्या पोटी असलं रत्न कुठून आलं?" जन्मभर जे ऐकायची आस होती ते आता रोज ऐकू येत होते, आणि तेत्सुया बर्फाची लादी ढकलीत दुसऱ्या बाजूला निघून जाई.

हारुमा वर्गात पुन्हा गेला नाही. त्याला कुणी जा म्हटले नाही आणि त्यानेही विचारले नाही. तो अभ्यास करी, जेवे, बापाने विचारले तर 'हो' किंवा 'नाही' म्हणे. एकदा रस्त्यात मुराई गुरुजी भेटले तेव्हा त्याने मात्र सायकलवरून उतरून कमरेत वाकून नमस्कार केला. तेत्सुयाने हे दुरून पाहिले आणि तो दुसऱ्या गल्लीत वळला.

एका संध्याकाळी नात्सुमी स्वयंपाकघरात असताना त्याने आतल्या खोलीत गाद्या पसरल्या. बराच वेळ तो त्यांवर तळहात फिरवीत बसला. मग त्याने हाक मारली.

"हारु, ये ना. खेळू या थोडं. पूर्वीसारखं."

हारुमा पुस्तक मिटून आला. तक्रार नाही, उत्साहही नाही. गादीच्या टोकाला थांबून त्याने रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि समोर येऊन उभा राहिला. तेत्सुयाने फार हलक्या हाताने त्याच्या सदऱ्याची उजवी बाही धरली. ओढायचा त्याचा विचारच नव्हता. त्याला फक्त मुलाने वळावे, मांजरासारखे, हसावे, ते अर्धे वाऱ्यात जाणारे हसू एकदा पाहावे, एवढेच हवे होते. दात आता नवे आले होते.

बाही धरली मात्र, तोच मूल स्वतःहून मागे गेले. हनुवटी छातीला लागली, पाठ गोल झाली, डोके गादीला न लागता वर राहिले, आणि चांगल्या हाताचा तळवा एकच स्वच्छ आवाज करून सपाट पडला. डावा हात पोटाशी जपून घेतलेला होता. इतके सुंदर पडणे तेत्सुयाने स्वतःच्या लहानपणानंतर पाहिले नव्हते.

स्वयंपाकघरात नळ बंद झाला.

हारुमा पाठीवर पडूनच छताकडे पाहत होता.

"झालं ना, बाबा?" तो म्हणाला. "आता जाऊ मी?"